म्हशी पळवणारा बँड

दुकानात जळालेल्या मोटारी यायला लागल्या की उन्हाळा कसा जाणार ते मला कळतं. हवामानखातं त्याच्या जागी थोर असेल, पण चौसाळ्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, आणि विहिरीत पाणी नसताना मोटार चालली की ती जळते, एवढं साधं ते शास्त्र आहे. यंदा होळीच्या आधीच दाराशी मोटारींची रांग लागली. जळक्या तारेचा आणि वॉर्निशचा वास दुकानात भरून राहिला. गिऱ्हाईक वाढलं म्हणून हसावं की ते का वाढलं हे आठवून गप्प बसावं, याचा निकाल मला इतक्या वर्षांत लावता आलेला नाही. हायवेवरून टँकर जातात. त्यांच्या तोटीतून गळणाऱ्या पाण्याची डांबरावर काळी रेघ उमटते आणि ती वाळायच्या आत चिमण्या तिच्यावर उतरतात.

असा उन्हाळा आला की मला गिटार ऐकू येते. फाटक्या स्पीकरमधून पूर्ण आवाजात सोडलेली इलेक्ट्रिक गिटार. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणते, "तुमचं डोकं बी एकदा रिवाइंड करून घ्या." तिचं खरं असेल. पण मी ड्रमर होतो, आणि ज्या बँडचा होतो तो मराठवाड्यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा बँड होता. सगळ्यात चांगलाही होता. हे स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतंय, कारण दुसरे सांगतात ते फक्त म्हशींचं सांगतात.

बँडचं नाव 'भोंगा'. आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याच्या कॉलनीत मी वाढलो. वडील बॉयलरवर फिटर. पाळी बदलली की कारखान्याचा भोंगा वाजायचा आणि त्यावर सगळ्या पंचक्रोशीची घड्याळं चालायची. बाया त्यावर भाकरी टाकायच्या, मास्तर त्यावर शाळा सोडायचे. त्याच्याइतकं लांबवर ऐकू जावं, एवढीच आमची महत्त्वाकांक्षा होती, म्हणून ते नाव.

बँड काढला रणजितने. रणजित म्हणजे कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचा मुलगा. तो औरंगाबादला इंजिनिअरिंगला गेला, तिथे इंजिनिअरिंग सोडून बाकी सगळं शिकला, आणि परत आला तेव्हा त्याच्याकडे एक लाल इलेक्ट्रिक गिटार आणि पिशवीभर कॅसेटी होत्या. त्या कॅसेटींत गोरे लोक जिवाच्या आकांताने ओरडत होते. माझ्या वडिलांनी एक कॅसेट शांतपणे ऐकली आणि विचारलं, "ह्यांना काय झालंय रं? दवाखान्यात तरी न्या कुणी." पण त्याच वडिलांनी भंगारातून मला ड्रम करून दिला. मळीच्या पिंपाला कातडं चढवलं, पाण्याच्या पाइपाचे स्टँड वेल्ड केले, पत्र्याच्या चकत्या ठोकून ठोकून त्यांची झांज केली. पहिल्या वर्षी तो ड्रम तापला की त्यातून गुळमट वास यायचा. अजूनही मळीचा वास आला की माझे हात शिवशिवतात.

आता राहिला गाणारा. गाणारे येऊन गेले, नाही असं नाही. एक भजनी मंडळातला होता, तो प्रत्येक ओळ दोनदा म्हणायचा. एक ऑर्केस्ट्रात गेलेला होता, तो माइकची वायर बोटाला गुंडाळत हसत राहायचा. रणजित दोघांनाही चहा पाजून वाटेला लावायचा.

मग एका दुपारी कॉलनीच्या गच्चीवर आम्ही दोघं वाजवत बसलो होतो. तोडणी झालेल्या उसाच्या रानात, पार पलीकडच्या बांधाला, एक धनगराचा पोरगा मेंढ्या चारत होता. मेंढ्या भरकटल्या असाव्यात. त्याने हाक घातली. ती हाक रानावरून आली, गच्चीवर आली, आमच्या स्पीकरच्या आवाजावर चढली आणि पुढे निघून गेली. रणजितने गिटार खाली ठेवली. "त्याला आण," एवढंच म्हणाला.

मी रान तुडवत गेलो. पोराचं नाव भागवत. मूळचा शिरूर कासारकडचा. मला बघून त्याने आधी काठी सावरली.

"कावून? मेंढी शिरली का कुणाच्या रानात?"

"न्हाई. चेअरमनच्या पोरानं बोलावलंय. गाणं म्हणायला."

"मी गात न्हाई. मी हाका घालतो."

"त्याच पाहिजेत."

गच्चीवर आला तेव्हा तो रणजितला "काय काम व्हतं, मालक?" म्हणाला. पंधरा दिवसांत त्याचं 'रणज्या' झालं. तिघांत गिटार कळणारा एकच, सूर कळणारा एकच, आणि ते दोघं वेगळे. त्यामुळे भांडण रोज व्हायचं आणि गाणं रोज सुधारायचं. मी मध्ये बसून ठोकत राहायचो.

बास गिटार वाजवणारा चौथा गडी आम्हाला कधी मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर लागलाही नाही. गाळप सुरू असलं की कारखान्याची टर्बाइन सतत घुमायची. तो घुमार जमिनीतून तळपायात यायचा, खुर्चीत यायचा, दातांत यायचा. रणजितने गिटार त्या घुमारालाच लावली होती. जगातल्या कुठल्या बँडचा बासवाला इतका मोठा होता ते मला दाखवा. आणि करंटही त्याचाच. बाहेर गावंच्या गावं भारनियमनाने अंधारात असायची, पण गाळपाच्या दिवसांत कारखाना स्वतःच्या विजेवर चालायचा, त्यामुळे कॉलनीतल्या क्लबच्या हॉलमधला आमचा स्पीकर कधी मेला नाही. लोकवस्ती शहरात असते, पण करंट आमच्याकडे होता. हार्ड रॉकला लोकांआधी करंट लागतो.

आणि मग ते वर्ष आलं. ऊस उभ्याउभ्या वाळला. जो हिरवा होता तो लोकांनी जनावरांपुढे टाकला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कारखान्याचं गाळप हंगाम अर्ध्यावर असतानाच थांबलं. टर्बाइन बंद झाली त्या दिवशी कॉलनीत सगळे एकमेकांशी हळू बोलायला लागले, कारण मोठ्याने बोलायची गरजच उरली नव्हती. आमची गिटार तर अगदी पोरकी वाटायला लागली. वर करंट गेला तो गेलाच.

उन्हाळ्यात कारखान्याच्या मोकळ्या यार्डात, जिथे उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या तिथे, चारा छावणी उघडली. गावोगावची जनावरं आली आणि त्यांच्याबरोबर घरातलं कोणी ना कोणी आलं. पोत्यांचे आडोसे झाले, चुली झाल्या. उसाच्या वाढ्यांच्या चाऱ्याचा, शेणाचा आणि तापलेल्या पत्र्याचा मिळून एक वास झाला. छावणीत राहणं म्हणजे वाट बघणं. सकाळी चाऱ्याच्या ट्रॅक्टरची, दुपारी टँकरची, मधल्या वेळात तपासणीच्या साहेबाची, आणि कायमची पावसाची. माणसं दिवसभर हात जोडून उभी असायची. साहेबाला हात जोड, टँकरवाल्याला जोड, वर बघून जोड.

चेअरमनसाहेब म्हणाले, "लोकं कटाळलीत. कायतरी करमणूक ठेवा." आधी भजन झालं. मग पांढऱ्या कापडावर सिनेमा झाला. मग रणजितची नजर कडबाकुट्टीच्या यंत्राला लावलेल्या जनरेटरवर गेली. संध्याकाळी उजेड असतानाच कुट्टी संपायची आणि जनरेटर रिकामा व्हायचा.

मी शंका काढली, "जनावरं बुजली म्हंजी?"

आता आम्ही तिघंही गुराढोरांत वाढलेले. शहरातल्या पोरांसारखे अडाणी नव्हतो. भागवतने मला वेड्यात काढलं. "पोळ्याला बैलाच्या कानापाशी ताशे वाजत्यात. शिंगाजवळ फटाकडी उडती. बैल हालतो का? कायबी व्हत न्हाई." हे आम्हा तिघांनाही पटलं. न पटण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

ट्रॉलीवर चढलो. समोर माणसं, माणसांच्या मागे दावणी. रणजितने जनरेटरचा सगळा करंट गिटारीत ओतला आणि पहिला सूर सोडला. बैल उभे राहिले. भागवतचं अगदी खरं ठरलं, एकाही बैलाने रवंथ सोडला नाही. पण पोळा बैलांचा असतो. म्हशीला कोण मिरवतं? म्हशीच्या शिंगाला बेगड कुणी लावलंय, म्हशीपुढे ताशा कुणी वाजवलाय? छावणीतल्या म्हशींनी जन्मात धारेच्या चरवीपेक्षा मोठा आवाज ऐकलेला नव्हता. त्यांनी एकदम माना वर केल्या, खुंटे उपटले आणि दाव्यांसकट निघाल्या. वाढ्यांच्या गंजीवरून गेल्या, फाटकावरच्या वॉचमनच्या खुर्चीवरून गेल्या, आणि कोरड्या ओढ्यात उतरून दिसेनाशा झाल्या. त्यांच्यामागे त्यांचे मालक. भागवत डोळे मिटून गायचा. त्याने कडवं संपवून डोळे उघडले तेव्हा अर्धे श्रोते पाठ फिरवून पळत होते. माइकमधूनच त्याने मला विचारलं, "इतकं वंगाळ झालं का रं?"

त्या रात्री आमचा बँड संपला असं आम्ही धरून चाललो. सकाळी कौसाबाई आली. एकटी बाई, एकच म्हैस घेऊन छावणीत राहायची, आणि तिच्या जिभेला चेअरमनसुद्धा भ्यायचे. पार पलीकडच्या गावातून म्हैस हाकत ती थेट आमच्यासमोर उभी राहिली. आम्ही तिघं शिव्या खायला मान खाली घालून तयार होतो.

"त्ये पुन्ना कवा हाय?" तिने विचारलं.

"काय, मावशी?"

"त्ये गाणं. अर्धंच ऐकलं की मी. पुन्ना वाजवा, पर आदी सांगा. म्हसरं धरून बसतो."

आणि तसंच झालं. पुढच्या वेळी दवंडी दिली. म्हशीवाले आपापल्या म्हशीची दावी हाताला दोन वेढे घालून बसले. गाणं चढलं की म्हशी मागे ओढायच्या आणि श्रोते बसल्याजागी डुलायचे. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय रंगलेत हे लोक. खरंही होतं ते, रंगले होतेच. हळूहळू म्हशी सरावल्या. कौसाबाई तर सांगत फिरायची, "आमची म्हस आता ह्यांचं गाणं लागल्याबिगर पान्हवत न्हाई." धारेच्या वेळेला भागवतला एकट्याला पाठवून द्या, असा तिने निरोपही धाडला होता.

गाणं आमचं स्वतःचं होतं. भागवतने केलेलं. कॅसेटींतली इंग्रजी गाणी त्याला म्हणता यायची नाहीत, आणि त्याला त्याचं काडीचं दुःख नव्हतं. मेंढ्यांना घालायच्या लांब हाकेने ते सुरू व्हायचं आणि मग तो वर आभाळाकडे बोट करून विचारायचा:

आभाळा, तुजं त्वांड कुनीकडं रं?
आमी हितं हाय, बघ हिकडं रं!

बास. याच्यात विनवणी नव्हती. दिवसभर जोडून जोडून दुखायला लागलेले हात लोक त्या 'बघ हिकडं'ला वर फेकायचे. म्हातारी माणसं, नवीन लग्न झालेल्या सुना, एरवी पदर तोंडावर धरणाऱ्या बाया, सगळ्या ओरडायच्या. मी ट्रॉलीवरून ते बघत होतो आणि माझ्या हातातल्या काठ्यांना वेड लागलं होतं. आयुष्यात मी पुष्कळ मोटारी दुरुस्त केल्या, पण इतकी माणसं एका वेळी चालू झालेली मी पुन्हा पाहिली नाहीत.

नाव झालं. 'म्हशी पळवणारा बँड' म्हणून धर्मापुरीहून बोलावणं आलं. तिथे जुन्या देवळाच्या अलीकडच्या मैदानात आम्ही वाजवलं, आणि तिथल्या लोकांनी खास एक म्हैस समोर आणून बांधली होती. ती ढिम्म हालली नाही, तेव्हा लोक निराश झाले. एका पेपरात चार ओळी आल्या. आणि एक दिवस कारखान्याच्या ऑफिसात पुण्याहून फोन आला. तिथल्या एका मोठ्या कॉलेजात दरवर्षी बँडवाल्यांचा जलसा व्हायचा. दिवाळीनंतर या, म्हणाले, शेवटच्या दिवशी तुम्हालाच वाजवायचंय.

हे आमच्या दोघांपेक्षा भागवतला जास्त मोठं होतं. रणजितला पुणं नवीन नव्हतं. मला पुण्याहून परत येऊन वडिलांच्या जागी चिकटायचं होतं. भागवतच्या घरचे मात्र दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचे ते पुढच्या उन्हाळ्यालाच परतायचे, आणि त्यात धडधाकट गडी तो एकटा. त्याचा बाप तीन दिवस मेंढरांतच राहिला. मग म्हणाला, "ह्या वर्साला मी बगतो मेंढरं. जा तू. पर तितं जाऊन हाकच घाल, लाजू नको." भागवतने हे आम्हाला सांगताना तोंड दुसरीकडे केलं होतं.

पावसाळा कोरडा गेला. छावणी तशीच पुढे चालू राहिली. धुराडं थंड, ऊस टाकायच्या गव्हाणीत पाखरांनी घरटी केलेली, आणि अशात कारखान्याची निवडणूक लागली. गाळायला उसाचं टिपरू नाही, पण संचालक व्हायला माणसं मावत नव्हती. दोन पॅनेलं झाली. चेअरमनसाहेबांचं कपबशीचं, विरोधकांचं विमानाचं. आमच्याकडे पॅनेल पडलं की ते नुसतं कारखान्यात पडत नाही. ते सोसायटीत पडतं, देवळाच्या पंचात पडतं, एका ताटात जेवणाऱ्या भावांत पडतं. कपबशीवाल्याने विमानवाल्याच्या हॉटेलातला चहा सोडलेला मी पाहिला आहे. बँड त्यातून कसा सुटणार?

चेअरमनसाहेबांनी सांगितलं, पोरांनी प्रचाराच्या जीपवर वाजवायचं, मग कारखान्याच्याच जीपने खुशाल पुण्याला जायचं. आणि भटक्या जमातींच्या राखीव जागेवर विमानाकडून उभा होता भागवतचा सख्खा मामा.

क्लबच्या हॉलमध्ये आम्ही तिघंच होतो. दुपार होती, पत्रे तडतडत होते.

"मामाच्या इरोधात मी गाऊ का?" भागवत म्हणाला. "माय घरात घील का मला?"

"पुण्याला जायचंय का न्हाई आपल्याला?" रणजितने विचारलं. "आठ दिवसांचा तर प्रश्न हाय."

"आपुन कुणाकडनंच नगं वाजवायला, रणज्या. बापाला सांग, बँड कारखान्याचा न्हाई."

रणजित बापापुढे उभा राहू शकत नव्हता, हे त्याला आणि आम्हाला दोघांनाही माहीत होतं. माणूस असा कोंडीत सापडला की उचलली जीभ लावली टाळ्याला होतं. तो म्हणाला, "कारखान्याचा न्हाई? मग इतके दिवस करंट कुणाचा व्हता बे?"

भागवतने कोपऱ्यातली काठी उचलली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तुमचाच व्हता, मालक." आणि गेला. तो 'मालक' थोबाडीत बसावा तसा रणजितने हात गालाला लावला. धावत जाऊन त्याला अडवायला हवं होतं, पण चेअरमनच्या मुलाला धनगराच्या पोरामागे धावायची सवय नव्हती. हे मी रणजितवर राग धरून लिहीत नाही. सवयच नव्हती, हे खरं आहे.

पुढचे आठ दिवस बँडचे दोन तुकडे रस्त्यांवरून फिरले. कपबशीच्या जीपवर रणजित आणि मी. वडील कारखान्यात, राहायला क्वार्टर कारखान्याचं, त्यामुळे माझं पॅनेल मी जन्मायच्या आधीच ठरलेलं होतं. आमच्याकडे गिटार होती आणि गळा नव्हता. विमानाच्या जीपवर भागवत, साथीला लग्नातला बँजोवाला. त्यांच्याकडे गळा होता आणि बाकी सगळा आनंद होता. गाणं मात्र दोन्हीकडे एकच, कारण लोकांना दुसरं नकोच होतं. इकडे कपबशीवर शिक्का मारायला सांगणारे शब्द, तिकडे विमानावर.

शेवटच्या दिवशी चौसाळ्याचा आठवडी बाजार होता. आमची जीप एका बाजूने शिरली, त्यांची दुसऱ्या बाजूने, आणि बाजाराच्या मधोमध, मिरच्यांच्या ढिगाऱ्यांपाशी, दोन्ही जीपा तोंडाला तोंड लावून अडकल्या. मागे गर्दी, बैलगाड्या, हातगाडे. पुढे जाता येईना, मागे येता येईना. दोन्हीकडचे कार्यकर्ते ओरडले, आवाज वाढवा. आम्ही वाढवला. त्यांनीही वाढवला. बँजोवाला थोडा वेळ झटला आणि मग त्याने चक्क हात काढून घेतला.

भागवत थांबला. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. डोळे मिटले आणि ती लांब हाक घातली, मेंढ्यांची. आणि मग विमान नाही, शिक्का नाही, मूळचे शब्द. आभाळा, तुजं त्वांड कुनीकडं रं. रणजितने एका क्षणात गिटारचा सूर त्याच्याखाली सरकवला. मी तर पिंप फोडायचंच बाकी ठेवलं. भर दुपारी, भर बाजारात, दोन जीपांवर एक बँड वाजत होता. बाया टोपल्या डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. कार्यकर्त्यांना कुणाच्या नावाने ओरडावं ते कळेना. 'बघ हिकडं'ला सगळ्या बाजाराने हात वर केले, कपबशीने आणि विमानानेही. आम्ही त्याहून चांगलं कधी वाजवलं नव्हतं, आणि पुण्यात वाजवलं असतं असंही मला वाटत नाही.

पण पुढाऱ्यांना गाणं कळत नसलं तरी धोका बरोबर कळतो. शेवटचं कडवं सुरू होताना कुणीतरी गाड्या बाजूला काढायला लावल्या आणि दोन्ही जीपा मागे मागे जाऊन आपापल्या रस्त्याला वळल्या. भागवत गातच होता. त्याची शेवटची ओळ झाली की पुढे एकट्या गिटारचा तुकडा यायचा, गाण्याचा तोच शेवट. रणजितने ड्रायव्हरला ओरडून थांबायला सांगितलं. तो चेअरमनचा माणूस, तो कशाला थांबतो. रणजितने चालत्या जीपवरून उडी मारली. गिटारची वायर उपसून निघाली, आवाज गेला. मी ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या टपावर काठी आपटून गाडी थांबवली. मागे पाहिलं तर तो रस्त्याच्या मध्ये, गळ्यात मुकी गिटार घेऊन, मान वाकडी करून उभा होता. भागवतचा आवाज लांबून येत होता, बारीक, पण अख्खा. तो पुरता संपेपर्यंत रणजित हालला नाही. मग येऊन जीपमध्ये बसला आणि मला म्हणाला, "पुरं गायला रं त्यो."

पुण्याला फोन करून रणजितनेच नाही म्हणून कळवलं. निवडणुकीत कपबशी आली, पण राखीव जागेवर मामाही निवडून आला, आणि वर्षाच्या आत चेअरमनसाहेब आणि मामा एकाच टेबलावर बसून एकाच किटलीतला चहा प्यायला लागले. पॅनेलं जुळली. भागवत तोवर मेंढरं घेऊन निघून गेला होता आणि रणजित बीडला. वडील गेल्यावर रणजितने राजकारण केलं नाही, बीडलाच त्याचं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. मी वडिलांच्या जागेचा नाद सोडून चौसाळ्यात दुकान टाकलं, थोडं रान घेतलं, आणि दोघांनाही भेटतो. ते दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत. भागवत दर उन्हाळ्यात परतीच्या वाटेवर माझ्या रानात खतासाठी मेंढ्या बसवतो, पण त्या बाजाराचा विषय निघाला की उठून मेंढ्या मोजायला जायचा.

यंदा आला तेव्हा त्याच्या मिशा पांढऱ्या झालेल्या दिसल्या. दुपारी लिंबाखाली आम्ही भाकरी खाल्ली. रान कोरडं ठक्क, मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या. तो मातीत काडीने रेघा ओढत होता. मान वर न करता त्याने विचारलं,

"तवा रणजितनं मधीच गिटार कावून बंद केली रं? माजी शेवटची ओळ ऱ्हायलीवती. बापाला भ्याला?"

मी भाकरी खाली ठेवली. इतकी वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन फिरत होता. मी त्याला सगळं सांगितलं. उडी, उपसून निघालेली वायर, रस्त्यात मान वाकडी करून उभा असलेला रणजित. तो काय म्हणाला तेही सांगितलं. भागवतने काडी मोडली. बराच वेळ त्याच्या नाकाचा शेंडा लाल होत राहिला आणि मी मुद्दाम मेंढ्यांकडे बघत राहिलो. 

"फोन हाय का त्याचा?" तो म्हणाला.

मी स्पीकरवर लावून दिला. भागवतने तो हातभर लांब धरला आणि पलीकडच्या बांधावर ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, "रणज्या, भागवत बोलतोय. चौसाळ्यात हाय मी, ह्याच्या रानात. तुजा शेवटचा तुकडा ऱ्हायलाय वाजवायचा."

 पलीकडून रणजितच्या दुकानातल्या पंख्याची घरघर आली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला.  मग रणजितचा आवाज आला, "हालू नको बे तिथनं. निघालो."

भागवतने फोन मला परत दिला, धोतराने डोळे पुसले आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"तुजं त्ये पिंप हाय का इकलं?"

"इकायला मी काय येडा हाय का?" मी म्हणालो आणि पिंप काढायला घराकडे पळालो.